अनादी म्हणजे फार लांबची सुरुवात नव्हे

प्रश्न असा आला आहे: "भूतकाळ अनंत असेल तर आजपर्यंत अनंत दिवस उलटलेले असायला हवेत. पण अनंत म्हणजे जे संपतच नाही ते. मग आजचा दिवस उगवलाच कसा? म्हणजे काळाला सुरुवात होतीच, हे सिद्ध झालं ना? माझा एक मित्र हा मुद्दा बिनतोड मानतो. शिवाय माझी नववीतली मुलगी विचारते की सगळ्यात पहिला दिवस कोणता? तिला काय सांगू?"

तीसेक वर्षं मी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला विश्वरचनाशास्त्र शिकवलं. हा प्रश्न जवळपास दरवर्षी यायचा आणि विचारणारा विद्यार्थी बहुतेक वेळा वर्गातला सगळ्यात विचारी असायचा. म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो. तुमच्या मित्राचा मुद्दा बिनतोड नाही. त्यात एक चूक दडली आहे आणि ती इतकी नकळत होते की भले भले तिच्यात सापडले आहेत. पण तो खोडला म्हणजे भूतकाळ अनंत आहे असं ठरत नाही. तर्काची आडकाठी नाही, एवढंच ठरतं. खरं काय घडलं, हे तर्काला नव्हे तर आकाशाला विचारावं लागतं. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे, ते शेवटी देतो.

पंढरपूरच्या वेशीवर एक वारकरी पोचला आहे असं समजा. आपण विचारतो, "माउली, कुठून निघालात?" आळंदी, देहू, पैठण, काहीतरी उत्तर येणारच. आता असा वारकरी डोळ्यांपुढे आणा जो कुठूनही निघालेला नाही, जो चालतच आला आहे. प्रत्येक मैलाच्या दगडाआधी त्याने आणखी एक दगड मागे टाकलेला आहे. तुमचा मित्र म्हणेल, एवढं अनंत अंतर कापून हा पोचेल कसा? मी विचारेन, कोणत्या दगडापासूनचं अंतर? हजाराव्या दगडापासून? ते हजार मैल आहे, कापता येतं. अब्जाव्या दगडापासून? तेही कापता येतं. वाटेवरचा कुठलाही दगड दाखवा, तिथून वेशीपर्यंतचं अंतर मोजता येण्याजोगंच निघेल. जे कापणं अशक्य आहे असं अंतर या वाटेवर कुठल्याच दोन जागांमध्ये नाही.

वर्गात मी फळ्यावर एक आडवी रेघ काढायचो, उजव्या टोकाला "आज" लिहायचो आणि विचारायचो, अनंत दिवसांपूर्वीचा दिवस दाखव. विद्यार्थी डावीकडे शेवटी एक ठिपका द्यायचा. मी म्हणायचो, आता त्याच्याखाली आकडा लिही. तिथे हात थांबायचा. कारण लिहाल तो आकडा मोजता येणाराच असतो. "अनंत" हे दिवस एकूण किती, याचं वर्णन आहे. कुठल्याही एका दिवसाचं अंतर अनंत नाही. "अनंत दिवस ओलांडून आज कसा येईल" असं म्हणणारा माणूस मनातल्या मनात डाव्या टोकाला एक निघण्याची जागा ठेवतो आणि मग तिथून इथवर पोचता येत नाही अशी तक्रार करतो. सुरुवात नाही असं तोंडाने म्हणायचं आणि सुरुवात गृहीत धरून हिशेब मांडायचा, असा हा प्रकार आहे. अनादी या शब्दाचा अर्थ आपण "फार फार पूर्वी सुरू झालेलं" असा करतो तिथेच घोळ होतो. अनादी म्हणजे सुरू न झालेलं.

"अनंत म्हणजे जे संपत नाही" या वाक्यातही अशीच एक गफलत आहे. कोणत्या बाजूने संपत नाही, हे त्यात सांगितलेलं नाही. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, हा भेद फार नेटका केला होता. घडा घडण्याआधी तो नव्हता. हे त्याचं "नसणं" कधी सुरू झालं? कधीच नाही. पण कुंभाराने चाकावरून घडा उतरवला त्या क्षणी ते संपलं. याला त्यांनी प्रागभाव म्हटलं: अनादी, पण सान्त. घडा फुटल्यावरचं नसणं याच्या उलट. ते सुरू होतं आणि संपत नाही. अभाव आणि घटना एक नव्हेत, हे मला मान्य आहे. या उदाहरणावरून घटनांची अनादी मालिका सिद्ध होत नाही. पण "ज्याला आदी नाही त्याला अंतही असू शकत नाही" हा आग्रह निराधार आहे, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

काळ मोजायला सुरुवात लागते ही समजूतही सोडून द्यावी लागते. मोजायला खूण लागते, सुरुवात नाही. शालिवाहन शक इसवी सन ७८ पासून मोजतात. शके १ च्या आधी सातवाहनांचा दिवस उगवत नव्हता असं कोणी म्हणत नाही. पूजेच्या संकल्पात गुरुजी काळाचा सगळा पत्ता सांगतात: ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसाव्या चौकडीतलं कलियुग, संवत्सर, मास, तिथी. हा पत्ता अचूक आहे, पण त्यात काळाच्या पहिल्या क्षणाचा उल्लेख कुठेच नाही, कारण या ब्रह्मदेवाआधी दुसरा होता असंच ती परंपरा मानते. (एका कल्पाची ४३२ कोटी वर्षं आणि पृथ्वीचं सुमारे ४५४ कोटी वर्षांचं वय हे आकडे जवळ येतात म्हणून पुष्कळ जण हरखून जातात. हा योगायोग आहे. कल्पाचा आकडा युगांच्या गुणाकारातून आलेला आहे, खडकांच्या मोजणीतून नव्हे. त्या परंपरेने काळाचा एवढा विस्तार मनात धरला हे मला खरंच मोठं वाटतं, आणि त्यासाठी या योगायोगाची गरज नाही.)

आता याहून खोल आक्षेप पाहू. तो विरजणाचा आहे.

दह्याला विरजण लागतं आणि विरजण म्हणजे कालचं दही. कालच्याला परवाचं. ही साखळी मागे कुठवर जाते? जुने लोक यासाठी बीज आणि अंकुर यांचं उदाहरण देत, पण विरजण मला जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात "उसनं घेणं" स्पष्ट दिसतं. प्रत्येक भांड्यातला आंबटपणा आधीच्या भांड्याकडून आलेला आहे. मग सगळ्याच भांड्यांनी तो उसना घेतला असेल तर आंबटपणा मुळात आला कुठून? मालिका अनंत केली म्हणून हा प्रश्न सुटत नाही, एक भांडं मागे सरकतो एवढंच.

नैयायिकांना ही अडचण ठाऊक होती. अनवस्था, म्हणजे मागे मागे जाण्याला थांबाच नसणं, दोन प्रकारची असते, असं ते म्हणत. एक मूळच नष्ट करणारी: जिथे आधीचं ठरल्याशिवाय नंतरचं ठरतच नाही आणि आधीचं कधीच ठरत नाही. दुसरी निरुपद्रवी, म्हणजे बीजांकुरासारखी: प्रत्येक कडी प्रत्यक्ष दिसते, प्रत्येकीची आई सापडते, आणि मागे जात राहण्याने काही बिघडत नाही. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात तर दोन्ही बाजू सापडतात. सृष्टीआधी कर्म नव्हतं तर पहिली विषमता कुठून आली, या आक्षेपाला दुसऱ्या अध्यायात उत्तर आहे की संसार अनादी आहे, बीज आणि अंकुरासारखा. आणि त्याच भाष्यात सुरुवातीला, चौथ्या सूत्रावर, आत्म्याचा देहाशी संबंध आणि धर्माधर्म (पुण्य-पाप) एकमेकांवर टेकवणाऱ्या अनादित्वाच्या कल्पनेला आचार्य "अंधपरंपरा" म्हणतात: आंधळ्याचा हात धरून आंधळा, त्याचा हात धरून आणखी एक. मला यात विसंगती दिसत नाही. कुठे मागे जाणं चालतं आणि कुठे चालत नाही, हे प्रकरण पाहून ठरवायचं, असा त्याचा अर्थ मी घेतो.

विरजणाचं प्रत्यक्षात काय झालं, ते बघा. साखळीला सुरुवात आहे. माणसाने गाईगुरं माणसाळवली त्याआधी घरात दही लागत नव्हतं, आणि पहिलं दूध कोणत्याही विरजणाशिवाय, हवेतल्या आणि भांड्यातल्या जीवाणूंमुळे आपसूक आंबलं. पण हे आपल्याला तर्काने कळलं का? "विरजणाला विरजण" या वाक्याकडे पाहून पहिल्या दह्याची तारीख निघत नाही. त्यासाठी दूध, जीवाणू आणि माणसाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. काळाच्या बाबतीत मी हेच म्हणतो आहे.

तर्काच्या बाजूने आणखी दोन आक्षेप राहतात. पहिला अकराव्या शतकातल्या अल-गझाली या इस्लामी विचारवंताचा. शनीची सूर्यमालेतली फेरी साधारण तीस वर्षांची (आपल्या साडेसातीचा हिशेब त्यातूनच येतो), गुरूची बारा. काळ अनंत असेल तर दोघांच्याही फेऱ्या अनंत झाल्या. मग गुरूच्या फेऱ्या शनीच्या अडीचपट असूनही दोन्ही सारख्याच कशा? हे ऐकायला अवघड वाटतं, पण गणितात याचं उत्तर आता पक्कं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेओर्ग कँटरने दाखवलं की अनंत संचाचा भाग पूर्ण संचाएवढाच असू शकतो: सम संख्या आणि सगळ्या पूर्ण संख्या जोडीजोडीने लावता येतात, कोणी उरत नाही. हे आपल्या सवयीविरुद्ध आहे, विसंगत नाही. आपल्या सह्याद्रीच्या मुलखातल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्याने भागून येणाऱ्या "खहर" राशीबद्दल म्हटलं होतं की तिच्यात काही मिळवा किंवा काढा, ती बदलत नाही. कँटरची कल्पना वेगळी आणि कितीतरी नेमकी आहे, दोन्ही एक मानू नयेत. पण मोजता येणाऱ्या आकड्यांचे नियम अनंताला जसेच्या तसे लावू नयेत ही जाण तिथे नक्कीच आहे.

दुसरा आक्षेप नवा आहे, गेल्या काही दशकांत तत्त्वज्ञांनी धारदार केलेला, आणि माझ्या मते या बाजूचा सगळ्यात तगडा. तो मी देवळाच्या वहीने सांगतो. एका देवळात दरवर्षी नवा पुजारी येतो आणि ही रीत अनादी आहे. देवळात एक वही आहे. नियम एकच: वही कोरी दिसली तर आपलं नाव लिहायचं, नाव असेल तर काही करायचं नाही. वहीत नाव उमटण्याचा दुसरा कुठलाही मार्ग नाही. आज वहीत नाव आहे का? आहे म्हणाल, तर ते ज्या वर्षी लिहिलं गेलं त्याच्या आदल्या वर्षीही वही कोरीच असणार. मग आदल्या पुजाऱ्याने का लिहिलं नाही? नाही म्हणाल, तर गेल्या वर्षीच्या पुजाऱ्याला वही कोरी दिसली, त्याने लिहायला हवं होतं. दोन्हीकडून कोंडी होते.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो. काही तत्त्वज्ञ यावरून म्हणतात की कारणांची साखळी मागे अनंत असूच शकत नाही. मी तिथवर जात नाही. माझं म्हणणं असं की हे सगळे नियम एकत्र पाळले जाणं अशक्य आहे, इतकंच यातून सिद्ध होतं. अनंत पुजारी एकेकटे पाहिले तर काही बिघडत नाही, नियमही एकेकट्याला सोपा आहे. सगळ्यांना मिळून तो पाळता येत नाही. "या गावात सगळे खोटं बोलतात असं सांगणारा त्याच गावातला खरं बोलणारा माणूस" असू शकत नाही म्हणून आपण गावच नसतं असं म्हणत नाही. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, इथे माझ्याहून हुशार माणसं दुसऱ्या बाजूला आहेत आणि मी त्यांना चुकीचं ठरवू शकलेलो नाही.

आता आकाशाकडे वळू. मला इथे जास्त भरवसा वाटतो.

"आजची स्थिती कायमचीच आहे" हे मात्र सपशेल खोटं आहे, आणि त्याला पुरावे घरचेच आहेत. युरेनियम-२३८ दर ४४७ कोटी वर्षांनी निम्मं होतं. दहा वेळा निम्मं झालं की हजारावा भागही उरत नाही. आपल्या अणुभट्ट्यांसाठी जमिनीतून अजून युरेनियम निघतं, म्हणजे ते अनंत काळ तिथे पडून नव्हतं, ते कधीतरी ताऱ्यांच्या उलथापालथीत घडलं. रात्रीचं आकाश काळं आहे. अनंत, स्थिर आणि अनादी ताऱ्यांनी भरलेल्या विश्वात प्रत्येक दिशेला एक तारा दिसला असता आणि आभाळ पेटलेलं असतं. पण नीट बघा: दोन्ही पुराव्यांनी पडतं ते स्थिर, न बदलणारं विश्व. बदलत राहिलेलं अनादी विश्व त्यांनी पडत नाही.

अनादी विश्व गांभीर्याने मांडलंही गेलं होतं. १९४८ साली हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉइल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावतं, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य अगदी सावकाश निर्माण होतं, त्यामुळे कोणत्याही युगात पाहिलं तरी चित्र सारखंच. त्या विश्वाला सुरुवात नव्हती. तुमच्या मित्राचा मुद्दा बिनतोड असता तर हा सिद्धांत कागदावरच मेला असता. तो मेला नाही. त्याची समीकरणं सुसंगत होती आणि जवळपास वीस वर्षं तो महास्फोटाच्या, म्हणजे विश्व तप्त, दाट अवस्थेतून प्रसरण पावत आलं या सिद्धांताचा, तोलामोलाचा प्रतिस्पर्धी होता. तो मागे पडला तो निरीक्षणांमुळे. केंब्रिजमध्ये मार्टिन राइल यांनी आकाशातल्या रेडिओलहरी सोडणाऱ्या स्रोतांची मोजदाद केली तेव्हा दूरचे, म्हणजे पूर्वीचे, स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. विश्व पूर्वी वेगळं दिसत होतं. आणि १९६५ साली आर्नो पेन्झियस व रॉबर्ट विल्सन यांना सगळ्या दिशांनी सारखं येणारं सूक्ष्मलहरींचं मंद प्रारण सापडल्याचं जाहीर झालं. त्याचं तापमान आज २.७२५ केल्विन मोजलेलं आहे. विश्व एकेकाळी तापलेलं आणि दाट होतं, त्याची ही ऊब.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर हॉइल यांचे विद्यार्थी आणि सहकारी. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी जुन्या सिद्धांताची सुधारित मांडणी केली. तिच्यात विश्व दीर्घकाळ प्रसरण पावत असतं आणि त्याच वेळी अब्जावधी वर्षांच्या फेऱ्यांनी आकुंचन-प्रसरणही करतं. महास्फोट एकच नाही, छोट्या छोट्या निर्मितीच्या घटना अनेक. नारळीकर २०२५ मध्ये गेले, अखेरपर्यंत महास्फोटाच्या प्रचलित चित्राबद्दल साशंक राहिले. माझ्या मते पुरावा त्यांच्या विरुद्ध आहे, विशेषतः त्या सूक्ष्मलहरींमधले बारीक चढउतार ज्या अचूकपणे तप्त आरंभावस्थेच्या गणिताशी जुळतात तो. पण या वादाने एक गोष्ट दाखवून दिली, आणि ती मला फार मोलाची वाटते: अनादी विश्व ही कल्पना दुर्बिणीने तपासता येते. ते एक विशिष्ट अनादी विश्व तपासात नापास झालं.

मग महास्फोट म्हणजेच सुरुवात का? वर्तमानपत्रांत तसंच छापलं जातं. आमच्या गणिताचं म्हणणं मर्यादित आहे: सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी आज दिसणारं सगळं विश्व अतिशय तप्त आणि दाट अवस्थेत होतं आणि तिथून ते प्रसरण पावत आलं. आइनस्टाइनच्या व्यापक सापेक्षतावादाची समीकरणं तिथून आणखी मागे ताणली की घनता अनंत होते. १९५५ साली अमलकुमार रायचौधुरी यांनी कोलकात्यातून दिलेलं समीकरण हे दाखवण्याच्या मुळाशी आहे. त्यावरच पुढे रॉजर पेनरोज आणि स्टीफन हॉकिंग यांची प्रमेयं उभी राहिली. ती सांगतात की काही वाजवी अटी मानल्या तर मागे जाणाऱ्या वाटा कुठेतरी तुटतात. त्या जागेला आम्ही सिंग्युलॅरिटी म्हणतो. पण वाट तुटते म्हणजे जमीन संपते की नकाशा संपतो? मला नकाशा संपतो असं वाटतं, कारण एवढ्या घनतेला अतिसूक्ष्म जगाचे क्वांटम नियम लागू पडतात आणि ते त्या समीकरणांत नाहीत.

२००३ साली अरविंद बोर्डे, ॲलन गुथ आणि अलेक्झांडर विलेंकिन यांनी आणखी व्यापक प्रमेय दिलं, गुरुत्वाकर्षणाचे नेमके नियम न वापरता. जे विश्व सरासरीने प्रसरणच पावत आलं आहे, त्यात मुक्तपणे वाहणाऱ्या जवळपास प्रत्येक कणाचा माग मागे नेला तर त्या कणाच्या स्वतःच्या घड्याळाने मर्यादित वेळातच तो माग संपतो. वादविवादात हे प्रमेय "सुरुवात सिद्ध झाली" म्हणून फेकलं जातं. ते एवढं म्हणत नाही. प्रसरण अनादी असू शकत नाही, असं ते म्हणतं. प्रसरणाआधी आकुंचन असेल तर प्रमेयाची अट मोडते आणि निष्कर्षही लागू होत नाही.

मग आकुंचन-प्रसरणाच्या अनंत फेऱ्या का मानू नयेत? इथे उष्मागतिकी, म्हणजे उष्णतेचं शास्त्र, आडवी येते, आणि भौतिकशास्त्रातला अनादी भूतकाळाविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी हाच मानतो. कपातला चहा थंड होतो, आपोआप गरम होत नाही. एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप, वाढत जाते. अनंत काळ उलटला असेल तर सगळा चहा केव्हाच थंड व्हायला हवा होता. रिचर्ड टोलमन यांनी १९३४ पर्यंत दाखवून दिलं होतं की दर फेरीत एन्ट्रॉपी वाढत असेल तर प्रत्येक फेरी आधीच्याहून मोठी होते. उलटं पाहिलं तर मागच्या फेऱ्या लहान लहान होत जातात आणि सुरुवातीचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. यातून वाट काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. पेनरोज यांची एक मांडणी अशी की अतिदूरच्या भविष्यातलं विरळ, थंड विश्वच पुढच्या महास्फोटाची जागा घेतं. मला ती सुंदर वाटते, पण अजून पटलेली नाही.

आता एक गोष्ट सांगतो जिने माझा स्वतःचा विचार बदलला. आपण सेकंद मोजतो सिझियमच्या अणूने: ९,१९,२६,३१,७७० कंपनं म्हणजे एक सेकंद. पण आरंभीच्या विश्वात अणूच नव्हते. मग तिथे "सेकंद" कशाचा? १९६९ साली चार्ल्स मिसनर यांनी सुचवलं की तिथे काळ वेगळ्या मापाने मोजावा, आणि तसा मोजला तर विश्वाचं वय अनंत म्हणणंच जास्त योग्य ठरेल. सोप्या भाषेत असं: मागे जाताना विश्वाचं वय निम्मं झालं की घड्याळाचा एक ठोका धरा. १३.८ अब्ज वर्षांपासून ६.९ अब्ज, एक ठोका. मग ३.४५ अब्ज, दुसरा. शून्यापर्यंत कधीच पोचत नाही. ठोके अनंत होतात. तोच भूतकाळ एका घड्याळाने मर्यादित, दुसऱ्याने अनंत. आणि पहिल्या घड्याळानेही "पहिला क्षण" सापडत नाहीच, कारण प्रत्येक क्षणाआधी त्याच्या निम्मा क्षण आहे. म्हणजे "सुरुवात नसणं" आणि "लांबी अनंत असणं" या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मित्राच्या मुद्द्यात त्या एक धरल्या गेल्या आहेत.

हे ठोके मोजून बघितले तर आपल्या ज्ञानाची हद्दही कळते. आजपासून सुमारे १०० ठोके मागे गेलं की विश्वाचं वय सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढं होतं. तिथवरच्या ऊर्जा आपण कणांच्या मोठ्या यंत्रांत तपासलेल्या आहेत. पुढचे सुमारे १०० ठोके गणिताच्या आणि अंदाजाच्या भरवशावर. २०२ व्या ठोक्याच्या आसपास प्लँक काळ येतो, जिथे काळ या शब्दाचा अर्थच आपल्याला ठाऊक नाही. त्यापलीकडे ठोके अनंत आहेत की ठोके पडणंच बंद होतं, हा खरा उघडा प्रश्न आहे. माझा कल विचारलात तर मला वाटतं, तिथे "सुरुवात होती" आणि "सुरुवात नव्हती" ही दोन्ही वाक्यं बदलावी लागतील. पण हा कल आहे, निष्कर्ष नव्हे.

निरीक्षणांतून इथे काही कळण्याची शक्यता आहे का? आहे. विश्व अगदी आरंभी झपाट्याने फुगलं असेल तर त्या वेळच्या गुरुत्वीय लहरींची खूण सूक्ष्मलहरींच्या ध्रुवीकरणात (कंपनांच्या दिशांत) एका ठरावीक नक्षीने उमटलेली असावी. आधीच्या संथ आकुंचनातून उसळी मारून विश्व आलं असेल तर त्या प्रकारच्या बहुतेक मांडण्यांत ही खूण जवळपास नसतेच. ती अजून सापडलेली नाही, शोध चालू आहे. (हिंगोली जिल्ह्यात होणाऱ्या लायगो-इंडियातून हे कळेल का, असं मला अनेकदा विचारतात. ती वेधशाळा कृष्णविवरांच्या आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी ऐकण्यासाठी आहे; आरंभीच्या लहरींचा अपेक्षित आवाज तिच्यासाठी फार मंद आहे.)

राहिला मुलीचा प्रश्न. तिला नि:शंकपणे सांगा की पहिला दिवस होता. दिवस म्हणजे पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी, आणि पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांपूर्वी घडली. तो दिवस चोवीस तासांचा नव्हता, बराच लहान होता. चंद्राच्या ओढीने पृथ्वीची गिरकी तेव्हापासून मंदावत आली आहे. त्याआधी दिवस नव्हते पण काळ होता, आकाशगंगेत तारे जन्मत आणि मरत होते. मग ती विचारेलच, आणि काळाचा पहिला क्षण? तेव्हा तिच्या हातात मोबाइलमधला कॅल्क्युलेटर द्या आणि १३.८ अब्ज वर्षांना दोनाने भागत जायला सांगा. दोनशे दोन वेळा भागून ती जिथे पोचेल, तिथवरच आम्हीही पोचलो आहोत.